बोळातले कपाट

आमच्या शहापुरातली जुनी घरे अंगाने अरुंद, लांबीला मात्र संपता संपत नाहीत. उंबरा ओलांडला की आधी बोळ, मग सोपा. बोळ जेमतेम ३ फुटांचा. आणि तेवढ्यात हल्ली सगळ्यांना शोभा मांडायची आहे! १ फूट खोलीचे चपलांचे कपाट, त्यावर प्लॅस्टिकची फुले, समोर आरसा. आरशाने बोळ मोठा दिसतो म्हणे. दिसतो, होत नाही.

उरले २४ इंच. चाकांची साधी खुर्चीसुद्धा २५-२६ इंच रुंद असते. आईला दवाखान्यातून घरी आणले तेव्हा खुर्ची उंबऱ्यातच अडली. शेजारच्या दोघांनी तिला उचलून आत नेले. ‘‘माझ्याच घरात मला पोत्यासारखं आणलंत,’’ ती म्हणाली. ते कपाट मीच हौसेने करवून घेतलेले. सुतार नको नको म्हणत होता.

पडसाळ म्हणा की कन्नड शेजाऱ्यांसारखे पडसाले म्हणा, मांडामांड करायची ती तिथे. बोळ माणसांच्या येण्याजाण्याचा. शिवाय जुन्या जाड मातीच्या भिंतींत कोनाडे आहेतच की! ते आपण प्लायवूडने बुजवतो आणि त्याच प्लायवूडवर पुन्हा फळ्या ठोकतो. कसली ही अक्कल? कोनाडे मोकळे करा. एकात दिवा, दुसऱ्यात किल्ल्या. छत्रीला डोक्यावर खुंटी, भिंतीला पांढरा चुना, चपला बाहेर कट्ट्याखाली.

माझे कपाट मी काढले. पाहुणे म्हणतात, बोळ ओकाबोका दिसतो. दिसू दे. आई आता भिंतीला हात लावत दारापर्यंत येते आणि त्यांना ‘या’ म्हणते.