ऑपरेशननंतर आवाज बसला तर

गेल्या महिन्यात भाजी विकणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. थायरॉईडच्या गाठीचे ऑपरेशन होऊन सात महिने झालेले. आवाज घोगरा, पाणी पिताना ठसका. "भूल देताना नळी घातली होती, येईल आवाज आपोआप," असे त्यांना सांगण्यात आले होते.

नळीमुळे बसलेला आवाज बहुधा थोड्या दिवसांत सुटतो. महिनाभर सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत. ते हलवणारी नस थायरॉईडला अगदी लागून जाते. (डावी तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते!) नस नुसती दुखावली असेल, तर अनेकदा काही महिन्यांत सुधारते. तुटली असेल, तर मानेतलीच दुसरी नस तिला जोडता येते. स्वरतंतू पूर्वीसारखा हलत नाही, पण स्नायू पुन्हा भरतो आणि आवाज सुधारतो. त्यालाही काही महिने जातात. स्नायू सुकेपर्यंत थांबले, तर उपयोग कमी.

माझ्या मते या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्वरतंतूंची तपासणी झालीच पाहिजे. रुग्णांनीही ती मागावी. जिचे पोट हाळी देण्यावर चालते, तिला "जीव वाचला ना?" म्हणून गप्प करणे मला पटत नाही. बाईंना चिठ्ठी देऊन तज्ज्ञांकडे पाठवले आहे.