आजीने विचारलेला प्रश्न

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या एका मॅडम तीन पिढ्यांसह टांझानियाला सफारीसाठी जाऊन आल्या. ७८ वर्षांचे वडील, त्या व त्यांचे यजमान, आणि दोन मुले. कॉलेज सुरू झाल्यावर त्यांनी वर्गात छायाचित्रे दाखवली. छप्पर वर उचललेल्या जीपमध्ये आजोबा आणि नात एकाच दुर्बिणीसाठी भांडत आहेत, हे छायाचित्र मला सिंहापेक्षाही आवडले. आमच्या घरच्या तीन पिढ्या एकत्र निघाल्या त्या फक्त जेजुरीला, आणि तेही टेम्पोतून. हेवा वाटला, हे कबूल करते.

म्हाताऱ्यांना अशा सहलीला न्यावे की नाही, यावर वर्गात वाद झाला. माझ्या मते न्यावेच. मॅडमचे वडील हत्तींपाशीच रमले म्हणे, आणि ते योग्यच! हत्तींच्या कळपाची म्होरकी बहुधा सर्वांत वयस्क मादी असते. १९९३ साली तिथल्या तरंगिरे उद्यानात दुष्काळ पडला, तेव्हा उद्यान सोडून बाहेर गेलेल्या कळपांतली पिल्ले अधिक जगली. जुना दुष्काळ पाहिलेल्या माद्यांनी वाट दाखवली असावी, असे अभ्यासकांना वाटते.

मॅडमनी वर्गाला पाठवलेली छायाचित्रे मी घरी आजीला मोबाईलवर दाखवली. आजीने उभा जन्म शेरडे राखली. सिंह तिने भरभर पुढे सरकवले. सेरेंगेटीच्या माळापाशी मात्र ती थांबली.

"एवढं गवात! मग हितली गुरं कुटं गेली गं? आन् मानसं?"

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून हा प्रश्न मला सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी ग्रंथालय गाठले.

माणसे होती. गुरे पाळणारे मसाई. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झाले आणि १९५९ मध्ये मसाईंना तिथून हलवले. शेजारच्या न्गोरोंगोरोत तुम्हाला राहता येईल, गुरे चारता येतील, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा न्गोरोंगोरोत सुमारे आठ हजार मसाई होते, आता ते लाखाच्या घरात आहेत. माणसे आणि गुरे वाढली, वन्यप्राण्यांना जागा उरत नाही, असे म्हणून २०२२ पासून सरकार त्यांना सुमारे ६०० किलोमीटर दूर म्सोमेरा येथे नेत आहे. सरकार म्हणते, ही स्थलांतरे स्वखुशीची आहेत. मसाई म्हणतात, दवाखाने आणि शाळांचा पैसा आटवल्यावर स्वखुशी कसली?

उद्यान नकोच, असे मी म्हणत नाही. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट दरवर्षी त्या माळावरून फिरतात, ते राहायलाच हवेत. पण पहिल्यांदा हलवताना दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडायचा, हे मला पटत नाही. आणि जाणाऱ्यांनी निदान विचारावे तरी! मसाई भेटले का, असे मी मॅडमना विचारले. "हो, उड्यांचा नाच दाखवला, अर्धा तास," त्या म्हणाल्या. (मॅडम रागावणार नाहीत अशी आशा आहे.) सिंहासाठी तीन तास जीप उभी राहते. मग तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याशेजारी आपल्या आजोबांना तासभर बसू द्यायला काय हरकत होती? पाऊस, गवत, गुरांचे रोग, बोलायला विषय कितीतरी निघाले असते.

मी वाचलेले सगळे आजीला सांगितले. ती काही बोलली नाही. मोबाईल मागून घेतला आणि ते गवताचे छायाचित्र पुन्हा पाहत बसली.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला