रस्त्याचा घाणा



नवे बियाणे पारखायचे तर आपण शेजारी-शेजारी दोन वाफे करतो. माती एक, पाणी एक, फरक फक्त बियाण्याचा. रस्त्याचीही अशीच पारख करता येते. पण रस्ता खचायला वर्षे लागतात, तेवढे थांबणार कोण? म्हणून काही देशांत छपराखाली रस्ता बांधून तो मुद्दाम लवकर झिजवतात.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहरात १९८७ साली असे केंद्र उभे राहिले. तिथे दीड मीटर खोल आणि ४ मीटर रुंद असा गोल काँक्रीटचा चर आहे. त्यात माती, खडी, डांबर असे थर दाबून ५८ मीटर घेराचा रस्ता करतात. मधल्या खांबाला दोन लांब हात, हातांच्या टोकाला ट्रकची चाके. घाण्याचा बैल फिरावा तशी ती गोल फिरतात. ताशी ४५ किलोमीटर वेग ठेवला तर मिनिटाला १२-१३ फेऱ्या होतात. पावसाची आडकाठी नाही. एका हातावर वजन कमी, दुसऱ्यावर जास्त ठेवले की झाले दोन वाफे! वर्षांची झीज काही महिन्यांत दिसते.

वजनाचा हिशेब त्याआधीच अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, १९५८ ते १९६० या काळात उघड्यावर ट्रक चालवून काढला होता. एक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळा पट होते. दीडपट झाले तर पाच पट. रस्त्यागणिक हा आकडा कमी-जास्त होतो, पण रोख तोच.

आता आपल्या उसाच्या ट्रॉलीकडे पाहा. तीन खेपांचा माल दोन खेपांत नेला आणि एक्सलवरचे वजन दीडपट झाले, तर एक खेप वाचली असे वाटते. पण तीन खेपांत जिथे ३ भाग झीज झाली असती, तिथे दोन खेपांत १० भाग होते.

दुसरा शत्रू पाणी. रस्त्याखालची माती भिजली की तिची ताकद जाते आणि तेच चाक खोल रुतते. म्हणून कडेचा चर बुजवून बांध पुढे सरकवू नका. पावसाळ्यापूर्वी तो मोकळा करा, शेताचे पाणी रस्त्यावर सोडू नका.

रस्ता सरकार बांधते हे खरे. पण दूध, भाजीपाला आणि अडलेली बाळंतीण त्याच रस्त्याने जायची असते. ट्रॉली भरताना एवढे ध्यानात ठेवा.