पाणी वाहिले आम्ही. आमच्या नळाचे काय?

2016 साली मिरजेहून लातूरला आणि 2019 च्या जुलैत जोलारपेट्टईहून चेन्नईला पाण्याच्या गाड्या आम्ही रेल्वे कामगारांनीच नेल्या. चेन्नईचे चारही मोठे तलाव तेव्हा आटले होते.

नळ तासन्‌तास कोरडा राहिला की फुटक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरते. तेच लेकरांच्या पोटात जाते. जुलाब पुन्हा पुन्हा होतात आणि दोष मात्र आईला! हा कांगावा आम्हाला मान्य नाही.

बंधुभगिनींनो, असे मूल डॉक्टरांना दाखवाच. तोवर ओआरएस द्या, अंगावरचे दूध तोडू नका. शौचात रक्त दिसले, मूल मलूल झाले, तर रात्रीसुद्धा इस्पितळ गाठा.

पण औषधाने पाइप सांधत नाही. पेरांबूर असो वा परळ, रेल्वे-टपाल वसाहतींचे पाणी दरमहा तपासा, अहवाल फलकावर लावा! ही भीक नव्हे, हक्क आहे.