रांगायला जमीन हवी

आपल्या देवघरातील बाळकृष्णाकडे आज एकदा निरखून पाहावे. मुलीच्या लग्नात अन्नपूर्णेबरोबर दिली जाणारी ती इवलीशी पितळी मूर्ती रोज आपल्या हातून स्नान घेते, गंध लावून घेते. परंतु तिच्या ठेवणीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एक गुडघा टेकलेला, एक तळहात जमिनीवर रोवलेला, मान वर आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. अंगाचा भार एका हातावर तोलून दुसरा हात मोकळा करणे, हीच रांगणाऱ्या बाळाची खरी अवघड विद्या असते. ज्या कारागिराने ही मूर्ती प्रथम घडवली, त्याने रांगते मूल फार जवळून पाहिले असले पाहिजे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील असंख्य घरांत सकाळी आठ-साडेआठनंतर आजी, आजोबा आणि बाळ एवढेच उरतात. मुलगा आणि सून लोकलच्या गर्दीत मुंबईची वाट धरतात, ती दिवेलागण झाल्यावरच परततात. बाळाच्या जागेपणाचा मोठा वाटा अशा रीतीने आपल्या पदरी येतो. म्हणून आजचे हे चार शब्द मुख्यतः आपल्यासाठी, म्हणजे ज्यांचे गुडघे कुरकुरतात आणि तरीही ज्यांच्या कडेवर दिवसभर नातवंड असते त्यांच्यासाठी आहेत.

मी स्वतः या बाबतीत चुकले होते, हे आधी सांगितले पाहिजे. माझी नात नऊ महिन्यांची झाली तरी रांगण्याचे नाव घेईना. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा घरभर फिरे. सुनेने दोन-तीनदा काळजीने विचारले, आणि मला ते विचारणे टोचले. माझ्या सांभाळण्यातच काही उणे निघाले असे वाटले. एका नातेवाइकांनी चाकांचा वॉकर आणून दिला. त्यात बसवले की पोर खुशीत किंचाळे आणि मलाही घटकाभर उसंत मिळे. एके दुपारी तोच वॉकर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला अडखळून कलंडला. कपाळाला टेंगूळ आले, त्याहून अधिक काही झाले नाही. त्या रात्री मात्र मी दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोर कडेवर, मांडीवर, झोळीत, खुर्चीत किंवा वॉकरमध्ये होते. जमिनीवर ते जेमतेम दहा मिनिटे होते. जिला जमीनच मिळाली नाही, ती रांगणार कोठे?

घाबरून जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांच्या हालचालींच्या नोंदी ठेवल्या आणि २००६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हात व गुडघे टेकून रांगण्याचा काळ त्यात साधारण सव्वापाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. सुमारे ४ टक्के बाळे तर अशी रांगलीच नाहीत. त्यांनी ही पायरी गाळली. कोणी पोटावर सरपटते, कोणी बसल्या बसल्या बुडावर सरकते, कोणी एक गुडघा टेकून दुसरे पाऊल उभे ठेवते. पहिल्या दिवसांत पुष्कळ बाळे मागेच सरकतात, कारण त्यांच्या हातांचा रेटा पायांपेक्षा जोरकस असतो. शेजारच्या बाळाशी तुलना करून सुनेला अथवा स्वतःला दोष देण्याचे म्हणूनच कारण नाही. आपले काम एवढेच, की बाळाला जमीन द्यावी, वेळ द्यावा आणि पुढे जावेसे वाटेल असे काही समोर ठेवावे.

हे काम जन्मानंतर लवकरच सुरू करता येते. बाळाला झोपवायचे ते नेहमी पाठीवरच. पण जागेपणी, आपल्या नजरेसमोर, त्याला पालथे ठेवावे. न रांगणाऱ्या बाळांना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे असे पालथे असावे आणि खुर्ची, गाडी किंवा झोळीत त्यांना सलग तासाभरापेक्षा अधिक अडकवून ठेवू नये, अशी शिफारस याच संघटनेने २०१९ साली केली आहे. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी करावी. दूध पाजल्याबरोबर पालथे घालू नये, ओकारी होते.

आता खेळांकडे वळू. यासाठी बाजारातून काहीच आणावे लागत नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले, ते पाने, बिया, दगड, माती अशा भोवतालच्या वस्तूंवर. आपल्या घरात तर वाट्या, चमचे, उशा आणि रिकामी खोकी आहेतच.

आजोबांची छाती : अगदी लहान बाळासाठी. आजोबांनी पाठीशी उशा घेऊन रेलून बसावे आणि बाळाला छातीवर पालथे घ्यावे. आजोबांचा चेहरा पाहण्यासाठी ते मान उचलते. मानेचे आणि खांद्यांचे बळ येथूनच येते.

गुंडाळीचा आधार : मान सावरू लागलेल्या बाळाच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे काढावेत आणि समोर स्टीलची वाटी ठेवावी. वाटीत स्वतःचे तोंड दिसले की बाळ रमते.

घड्याळाचा काटा : बाळ पालथे असताना वाटी समोर न ठेवता जरा बाजूला ठेवावी. ती पाहण्यासाठी बाळ पोटावर गोल फिरू लागते. पुढे जाण्याआधीची ही महत्त्वाची पायरी असते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे आलटून पालटून करावे.

मांडीचा पूल : ज्यांना खाली बसता येते त्यांनी एक पाय लांब करावा आणि बाळाला मांडीवर आडवे असे ठेवावे, की एका बाजूस त्याचे तळहात आणि दुसऱ्या बाजूस गुडघे जमिनीला टेकतील. पोटाला आधार आपला, भार पेलायचा हातांनी आणि गुडघ्यांनी. बाळ पुढे-मागे झुलू लागले की समजावे, निघण्याची तयारी झाली.

पायामागची भिंत : पोटावरचे बाळ पाय झाडत असेल तर त्याच्या तळपायांमागे आपला तळहात स्थिर धरावा. रेटा त्याने द्यायचा आहे. आपण ढकलायचे नाही. आपण केवळ भिंत व्हायचे.

बुवा कुक : वाटी रुमालाखाली झाकावी आणि हळूच उघडावी. मग ती हातभर अंतरावर झाकावी. झाकलेली वस्तू तेथेच असते, हे कळू लागलेले मूल तिच्यामागे जाते. वाटी फार दूर नेऊ नये आणि दर वेळी हुलकावणी देऊ नये. मिळण्याची आशा संपली की खेळ संपतो आणि रडे सुरू होते.

पारसिकचा बोगदा : रांगू लागलेल्या बाळासाठी मोठ्या खोक्याची दोन्ही तोंडे उघडावीत, टाचण्या आणि चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात आणि पलीकडच्या तोंडाशी आजोबांनी हाक मारावी. आगगाडी जशी बोगद्यातून जाते तशी आपली छोटी गाडी खोक्यातून बाहेर येते.

या खेळांच्या वेळी पायमोजे काढावेत आणि गुडघे उघडे ठेवावेत. हल्लीच्या गुळगुळीत लाद्यांवर कापड घसरते, उघडी कातडी धरून राहते. गार लादीची भीती वाटत असेल तर सतरंजी किंवा जाड चटई अंथरावी. मऊ गादी नको, तिच्यात हात रुततात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या खोलीत सतरंजी रोज झटकून वाळवावी. मालिश करताना पाय ओढू नयेत आणि पायांना धरून बाळाला उलटे टांगू नये. या जुन्या पद्धतीने हाडे बळकट होत नाहीत, सांध्यांना मात्र इजा होऊ शकते. वॉकरने चालणेही लवकर येत नाही. अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात मूल बसत नाही. स्वतः उभे राहू लागल्यावर ते त्याला धरून ढकलते.

आता आपल्या शरीराविषयी. नातवंडासाठी जमिनीवर बसलेच पाहिजे असे नाही. सतरंजी दिवाणाच्या किंवा भक्कम खुर्चीच्या समोर अंथरावी आणि आपण कडेला बसून हाक मारावी, वाटी वाजवावी. खाली बसायचेच असेल तर उठण्यासाठी हाताशी जड, न सरकणारे काही असू द्यावे. कमरेत वाकून बाळाला झटक्याने उचलू नये. आधी आपण बसावे, त्याला मांडीवर घ्यावे आणि जमल्यास दुसऱ्याच्या हाती देऊन मग उठावे. सतरंजीचे दुमडलेले टोक आणि पायाशी आलेले बाळ, या दोन्हींमुळे आपणच पडण्याचा धोका असतो. घरात वावरताना चष्मा लावावा आणि बाळ कोठे आहे हे पाहूनच पाऊल उचलावे.

रांगणारे मूल घर जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहते. आपणही एकदा तेवढ्या उंचीवरून घर पाहावे. सर्वांत आधी आपली औषधे उचलावीत. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची खाली पडलेली एकच गोळी बाळाच्या जिवावर बेतू शकते. श्रवणयंत्रातले आणि रिमोटमधले बटणाएवढे सेल, सुपारीचे खांड, शेंगदाणे, फिनेलची बाटली, डासांची जळती कॉइल, देवापुढील समई हे सारे हाताबाहेर ठेवावे. न्हाणीघरातील बादली रिकामी असावी. वीतभर पाण्यातही तान्हे मूल बुडू शकते. रांगू पाहणाऱ्या बाळाला पलंगावर क्षणभरही एकटे सोडू नये. गोळी किंवा सेल गिळल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

धीर धरावा हे खरे; परंतु काही खुणा दिसल्या तर धीर धरू नये. बाळ शरीराची एकच बाजू वापरते, दुसरा हात किंवा पाय फरफटत नेते किंवा एक मूठ सदैव मिटलेली असते. चार महिने झाले तरी मान सावरत नाही. नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नाही. अंग फार ताठ किंवा फार ढिले लागते. वर्षाचे होत आले तरी कोणत्याही प्रकारे जागेवरून हलण्याचा प्रयत्न करत नाही. अथवा आधी येत असलेली गोष्ट करणे सोडून देते. यांपैकी एकही खूण दिसली तर बालरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवावे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर वय मोजताना जन्मतारीख न धरता प्रसूतीची अपेक्षित तारीख धरावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी तपासणी शासनातर्फे होते. जवळच्या अंगणवाडीत किंवा सरकारी आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करता येते. दिवसभर बाळ आपल्यासमोर असते, त्यामुळे या खुणा आई-वडिलांच्याही आधी आपल्यालाच दिसतात. सुनेला वाईट वाटेल म्हणून त्या लपवू नयेत, आणि सुनेने विचारले म्हणून रागावूही नये. हे मी अनुभवाने सांगते.

माझ्या नातीचे पुढे काय झाले, ते आपण विचाराल. वॉकर माळ्यावर गेला. सकाळी आणि दुपारी सतरंजी अंथरली जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात बाईसाहेब मागे सरकत जेवणाच्या टेबलाखाली जाऊन अडकल्या आणि संतापून रडल्या. खुळखुळ्याकडे आणि रंगीत चेंडूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या चष्म्याचे घर सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला राहिले होते. ती दोन हात, दोन गुडघे टेकून तेथवर गेली, एका हातावर तोल सांभाळला आणि दुसऱ्या हाताने ते उचलून वर धरले.

संध्याकाळी सून आली तेव्हा मी काहीच सांगितले नाही. चष्म्याचे घर तेवढे पुन्हा सतरंजीच्या त्या टोकाला नेऊन ठेवले.