मोटारीची मागील कांच

मोटारीची मागील कांच फुटली असतां तसबिरींच्या दुकानांतून साधी कांच कापून बसविण्याचा मोह आमच्या हातकणंगल्यांतहि होतो. खर्च वांचतो ना! आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे. मूळची कांच ६०० अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोतानें एकदम निवविलेली असते. म्हणून फुटतांच तिचे बोथट खडे होतात. ती मागाहून कापतां येत नाहीं. त्या गाडीच्या मापाचीच कोल्हापुराहून मागवावी. साध्या कांचेचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची फुटकी कांच ज्यांनीं उचलली, त्यांस अधिक सांगणें नलगे. आणि मागें बसतात तीं नातवंडें! नव्या कांचेचा चिकटलेप घट्ट होईपर्यंत गाडी हलवूं नये. आसनाच्या फटींतील खडे तोंवर वेंचून घ्यावेत.