मध लावा, पण आधी कीटण काढा

हिरड्या सुजल्या की मध चोळा, दवाखाना नको, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. त्यांनी सुश्रुताचा आधार घेतला आहे. पण सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दंतवेष्ट या हिरड्यांच्या विकारावर आधी रक्त काढायला सांगितले आहे आणि मगच लोध्र, पतंग, ज्येष्ठमध, लाख यांचे चूर्ण मधात कालवून लावायला. पहिली पायरी गाळून दुसरी कशी घेता येईल?

लिंबायतला आमच्या गल्लीत खानदेशातून आलेली लूमवरची माणसे आहेत, मशेरी लावणाऱ्या बायका आहेत. हिरड्यांचे दुखणे इथे नवे नाही. माझ्या आईच्याही सुजल्या, तेव्हा तिने तीन महिने रोज रात्री मध चोळला. सूज थोडी उतरली, रक्त थांबेना. शेवटी दंतवैद्याने खालच्या दातांमागचे कीटण काढले, करड्या खपल्याच निघाल्या, तेव्हा कुठे उशीवरचे डाग बंद झाले. रात्री मध लावून झोपणे मुळात वाईटच. तो आम्लधर्मी, वर साखर.

पोळ्यातल्याच प्रोपोलिसची गोष्ट वेगळी. ती माश्यांनी गोळा केलेली झाडांची राळ. तिच्या गुळण्यांनी हिरड्यांची सूज उतरल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. मात्र आपली सातेरी माशी ती जवळपास गोळाच करत नाही, मेलिफेरा जातीची माशी करते. ‘सातेरीचे प्रोपोलिस’ म्हणून बाटली घेताना एवढे लक्षात ठेवावे.

आणि दात येताना आजी कितीही म्हणाली, तरी वर्षाखालच्या बाळाच्या हिरड्यांना मधाचे बोटही लावू नका. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

– एक वाचक, लिंबायत, सुरत